दोन जिवांची

गर्भवती स्त्रीला आपल्या भाषेंत ‘दोन जिवांची’ म्हणतात. हा शब्दप्रयोग घरोघर चालतो, आणि त्याचा अर्थ बहुधा एवढाच घेतला जातो कीं, तिनें पोटभर खावें, जड उचलूं नये आणि घरच्यांनीं तिचे डोहाळे पुरवावे. दोन जिवांचें हित तेव्हां एकच असतें. जें एकाला मानवतें तें दुसऱ्यालाहि मानवतें. परंतु क्वचित् असा प्रसंग येतो कीं, हे दोन जीव एकमेकांच्या आड येत आहेत असें दिसूं लागतें. गर्भारपणीं स्त्रीच्या जननेंद्रियांत कर्करोग निघणें हा अशा प्रसंगांतील अत्यंत दारुण प्रसंग होय. आम्ही वैद्य नाहीं, आणि औषधयोजना सांगण्याचा आमचा अधिकारहि नाहीं. परंतु त्या वेळीं घरांत आणि रुग्णालयांत जो प्रश्न हलक्या आवाजांत विचारला जातो, कीं ‘आई वाचवायची कीं मूल?’, तो नीतीचा प्रश्न आहे. त्याचा विचार प्रसंग येण्यापूर्वीं, शांत चित्तानें करून ठेवणें हें सर्वांचेंच कर्तव्य आहे असें आम्हांस वाटतें.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. सर्व प्रकारचे कर्करोग मिळून दर हजार गर्भारपणांत सुमारें एका स्त्रीच्या वांट्यास हें दुर्दैव येतें. जननेंद्रियांचे कर्करोग त्याहूनहि विरळ. त्यांत गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिला आणि अंडाशयाचा त्याखालोखाल. योनिमार्गाचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा तर इतका क्वचित् कीं, एखाद्या डॉक्टरला साऱ्या आयुष्यांत असा एकहि रुग्ण भेटूं नये. एक कर्करोग तर प्रत्यक्ष वारेच्या पेशींपासूनच उत्पन्न होतो. त्यास कोरिओकार्सिनोमा म्हणतात. तो झपाट्यानें पसरतो आणि एके काळीं त्यावर उपाय नव्हता. परंतु १९५६ सालीं अमेरिकेंत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ ह्यांनीं मेथोट्रेक्सेट नांवाच्या औषधानें तो हटतो असें दाखविलें, आणि आज बहुतेक स्त्रिया त्यांतून बऱ्या होतात. तेव्हां विरळ रोग म्हणजे असाध्य रोग, ही समजूत खरी नव्हे. विरळपणाचा धोका निराळाच आहे. जें क्वचित् घडतें तें कोणाच्या ध्यानींमनीं नसतें, आणि जें ध्यानींमनीं नसतें तें डोळ्यांसमोर असूनहि दिसत नाहीं.

ह्या रोगाचीं लक्षणें गर्भारपणाच्या लक्षणांआड सहज लपतात. पोट फुगणें, मळमळणें, मलावरोध, कंबर दुखणें, अंगावरून जाणें, मधूनच थोडा रक्तस्राव होणें, ह्यांपैकीं कोणतीहि तक्रार गर्भवतीनें सांगितली तर ‘ह्या दिवसांत असें व्हायचेंच’ हें उत्तर तयार असतें. तें उत्तर बहुतेक वेळां बरोबरहि असतें, आणि म्हणूनच तें धोक्याचें आहे. रक्ताच्या ज्या तपासण्यांवरून एरव्हीं अंडाशयाच्या कर्करोगाचा संशय येतो, त्यांचे आंकडे गर्भारपणांत निसर्गतःच वाढलेले असतात; म्हणजे खूण सांगणारा साक्षीदारहि ह्या काळांत विश्वासाचा राहत नाहीं. शिवाय पोटांतल्या बाळाला धक्का बसेल ह्या भीतीनें आंतून तपासणीच नको, असें घरच्यांना आणि कधीं कधीं डॉक्टरांनाहि वाटतें. वास्तविक गर्भाशयमुख डोळ्यांनीं नीट पाहणें, आणि संशय असल्यास तेथील लहानसा तुकडा काढून तपासणें, हें अनुभवी हातानें गर्भारपणांत सुरक्षितपणें करतां येतें. सोनोग्राफी तर सर्वांच्या परिचयाची आहे. रंगद्रव्य न टोंचतां केलेली एम. आर. आय. तपासणीहि, विशेषतः पहिले तीन महिने उलटल्यावर, चालते.

न पाहण्याचें मोल काय पडतें, ह्याचें एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं हेन्रिएटा लॅक्स नांवाची एक गरीब कृष्णवर्णीय स्त्री होती. पोटांत गांठ असल्यासारखें वाटतें, असें तिनें आपल्या नात्यांतल्या बायकांना सांगितलें होतें. पुढें तिला दिवस गेले, तेव्हां गांठ ती हीच असावी अशी त्यांची समजूत झाली. सप्टेंबर १९५० मध्यें ती प्रसूत झाली. त्या वेळच्या आणि दीड महिन्यानंतरच्या तपासणीच्या टिपणांत गर्भाशयमुखाच्या दोषाची नोंद नाहीं. आणि १९५१ च्या आरंभीं तेथेंच कर्करोगाची चांगली वाढलेली गांठ दिसली. त्याच वर्षाच्या ४ ऑक्टोबर रोजीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, ती वारली. तिच्या गांठीच्या पेशी तिला न विचारतां प्रयोगशाळेंत नेण्यांत आल्या. त्या आजहि वाढत आहेत, आणि त्यांच्या आधारें वैद्यकानें कितीतरी मजल मारली आहे. विज्ञानाचें हें ऋण सर्वजण सांगतात; आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांतल्या दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. तिचें म्हणणें वेळेवर कोणीं मनावर घेतलें नाहीं, आणि तिच्या देहाविषयीं निर्णय घेतांना तिला कोणीं विचारलें नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ‘आई कीं मूल?’ ह्या प्रश्नांत एक गृहीत धरलेलें असतें, कीं एकाला वांचविणें म्हणजे दुसऱ्याला सोडणें. एके काळीं हें गृहीत बरेंचसें खरें होतें. कर्करोगाची औषधें वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात आणि गर्भ म्हणजे तर मूर्तिमंत वाढ. तेव्हां गर्भ राखून औषध देणें अशक्यच, असें डॉक्टरांना वाटे. परंतु गेल्या कांहीं दशकांच्या अनुभवानें ह्या समजुतीला मोठा छेद दिला आहे. गर्भाचे अवयव पहिल्या तीन महिन्यांत घडतात. त्या काळांत हीं औषधें खरोखरच घातक ठरतात, आणि तेव्हां तीं टाळलीं जातात. पुढें मात्र, योग्य औषध निवडून, चौथ्या महिन्यापासून तीं देतां येतात. प्रसूतीच्या सुमारें तीन आठवडे आधीं तीं थांबवितात, म्हणजे आईचें आणि बाळाचें रक्त पुन्हां भरून येण्यास अवसर मिळतो. अंडाशयाची संशयास्पद गांठ काढण्याची शस्त्रक्रियाहि साधारणपणें चौथ्या महिन्याच्या सुमारास करतात; कारण तोंवर गर्भ टिकविण्याचें काम अंडाशयाकडून वारेकडे गेलेलें असतें.

बेल्जममधील ल्यूवेन येथील फ्रेडरिक आमां आणि त्यांचे अनेक देशांतील सहकारी ह्यांनीं २०१५ सालीं अशा १२९ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, ज्यांच्या मातांना तीं पोटांत असतांनाच कर्करोग झालेला होता. त्यांपैकीं ९६ मुलांच्या मातांना गर्भारपणांतच केमोथेरपी मिळाली होती. निरोगी मातांच्या तितक्याच मुलांशीं त्यांची तुलना केली, तेव्हां दीड आणि तीन वर्षांच्या वयांत त्यांची बुद्धि व हृदय ह्यांत फरक आढळला नाहीं. जो कांहीं उणेपणा दिसला त्याचा संबंध औषधाशीं नव्हता, दिवस भरण्यापूर्वीं जन्मण्याशीं होता. ह्या निष्कर्षांतील उपरोध विचार करण्यासारखा आहे. बाळाला औषधाचा स्पर्श होऊं नये म्हणून त्याला घाईघाईनें बाहेर काढण्याची जी रीत पडली होती, त्या दयेनेंच बाळाचें अधिक नुकसान होत होतें. अर्थात् ह्याचा अर्थ औषधें निर्दोष आहेत असा कोणीं करूं नये. त्याच मंडळींनीं २०१८ सालीं ११७० स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. जननेंद्रियांच्या कर्करोगांवर जीं प्लॅटिनमयुक्त औषधें नेहमीं वापरतात, तीं घेतलेल्या मातांचीं मुलें वजनानें कमी भरण्याचा संभव अधिक, असें तींत आढळलें. तेव्हां गर्भ राखून केलेला उपचार निर्धोक नाहीं; पण तो शक्य आहे.

कित्येकदां तर थांबणें हाच उपचार असतो. गर्भाशयमुखाचा रोग अगदीं आरंभींचा असेल, तर कधीं लहानशी शस्त्रक्रिया करून, आणि कधीं नुसती वारंवार तपासणी करीत, बाळ जगण्याजोगें होईपर्यंत वाट पाहतां येते. गर्भारपणामुळें हा रोग अधिक उग्र होतो, ही समजूतहि टिकलेली नाहीं. समान अवस्थेंतील रोग असतां गर्भवतीची आणि इतर स्त्रीची गति साधारण सारखीच असते. गर्भाशयमुखावर गांठ असतां प्रसूति मात्र सिझेरियन शस्त्रक्रियेनें करतात. त्याचें एक कारण २०२१ सालीं जपानमधून आलेल्या वृत्तान्तावरून कळेल. तेथें दोन मुलांच्या फुप्फुसांत निघालेला कर्करोग त्यांचा स्वतःचा नव्हता. जन्माच्या वेळीं आईच्या गर्भाशयमुखावरील पेशी श्वासावाटे आंत गेल्या होत्या. असें फार क्वचित् घडतें. पण वेळेवर निदान होणें हें आईइतकेंच मुलाच्याहि हिताचें आहे, हें त्यावरून स्पष्ट होतें.

इतकें झालें तरी खरा पेंच उरतोच, आणि तो नाहीं असें म्हणणें अप्रामाणिकपणाचें होईल. रोग बराच पसरलेला असतो आणि गर्भ दोन महिन्यांचा असतो. किंवा गर्भाशयमुखाच्या रोगावर ओटीपोटांत किरणोपचार करणें भाग असतें. त्या किरणांपुढें गर्भ टिकत नाहीं. थांबावें तर आईच्या जगण्याची आशा आठवड्याआठवड्यानें क्षीण होते. येथें विज्ञान आपलें ज्ञान पुढें ठेवून बाजूला होतें, आणि निवड माणसांवर येऊन पडते.

पूर्वीच्या विचारवंतांनीं अशा पेंचाचा विचार केलेला आहे. सुश्रुतानें मूढगर्भाच्या प्रकरणांत अडलेल्या बाळंतिणीविषयीं सांगितलें आहे कीं, गर्भ मृत असेल तर क्षणाचाहि विलंब न लावतां तो कापून काढावा. जिवंत असेल तर त्यावर शस्त्र चालवूं नये, कारण त्यांत दोघेंहि मरतात. यहुदी धर्मशास्त्रांतील मिश्ना ह्या ग्रंथाचा निर्णय असा कीं, बाळाचा बराचसा भाग बाहेर येईपर्यंत आईचा जीव आधीं. त्यानंतर मात्र एका जिवासाठीं दुसऱ्याला हात लावूं नये. गर्भपाताला कडक विरोध करणाऱ्या कॅथॉलिक नीतिशास्त्रानेंहि कर्करोगानें ग्रासलेला गर्भाशय गर्भासह काढण्यास अनुज्ञा दिलेली आहे. कारण तेथें हेतु रोग काढण्याचा असतो, गर्भाचा मृत्यु हा त्याचा अनिष्ट पण अटळ परिणाम असतो. इतक्या भिन्न परंपरांपैकीं एकीनेंहि आईनें मरावेंच असा नियम घातलेला नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. तरीहि सामान्य लोकांच्या मनांत तसा नियम असल्यासारखें वाटतें. मातृत्वाची महती गातां गातां आपण तिच्या त्यागावर आपला हक्क आहे असें समजूं लागतों.

त्यागाचें एक थोर उदाहरण येथें सांगितलें पाहिजे. इटलींतील जियाना बेरेत्ता मोल्ला ही स्वतः डॉक्टर होती. १९६१ सालीं, दुसरा महिना चालूं असतां, तिच्या गर्भाशयांत गांठ निघाली. ती कर्करोगाची नव्हती, तरी धोक्याची होती. सबंध गर्भाशय काढावा हा तिच्या दृष्टीनें निर्वेध मार्ग होता, आणि तिच्या धर्माचीहि त्यास हरकत नव्हती. तिनें केवळ गांठ काढून गर्भ राखावा असा आग्रह धरला. २१ एप्रिल १९६२ रोजीं तिला मुलगी झाली, आणि सातव्या दिवशीं ती आई पोटांतील विषारामुळें वारली. २००४ सालीं तिच्या धर्मपीठानें तिला संतपद दिलें. ह्या स्त्रीपुढें आम्ही नम्र आहों. परंतु तिच्या कृतीचें मोल कशांत आहे? सर्व परिणाम ठाऊक असतांना, दुसरा मार्ग मोकळा असतांना, तिनें तो स्वतः निवडला, ह्यांत आहे. दान दात्याच्या खुशीनेंच दान ठरतें. तेंच मागून, दडपण आणून घेतलें कीं ती वसुली होते. जियानाचें चरित्र दुसऱ्या एखाद्या भयभीत स्त्रीपुढें धरून ‘तिनें केलें, तूं कां नाहीं?’ असें विचारणें म्हणजे त्या संतिणीच्याच दानाचा अपमान होय.

ह्याच्या उलट बाजूचा अन्यायहि तितकाच खरा आहे. ‘झाड वांचलें तर फळें पुन्हां येतील’ असें म्हणून घरचीं माणसें गर्भ काढून टाकण्याची घाई करतात. बोलणें मायेचें असतें, पण ह्या विशिष्ट रोगांत तें बहुधा खोटें असतें. ज्या स्त्रीचा गर्भाशय उद्यां काढावा लागणार, किंवा जिच्या अंडाशयांवर किरण पडणार, तिच्या पोटीं पुन्हां मूल यावयाचें नाहीं. हें गर्भारपण तिचें शेवटचें आहे, कदाचित् पहिलेंच आणि शेवटचें. तें ठाऊक असतांना तिला तसा दिलासा देणें म्हणजे तिच्या दुःखाचें नांवच पुसून टाकणें होय. वर सांगितल्याप्रमाणें अनेक वेळां गर्भ काढण्याची गरजहि नसते. घाई होते ती अज्ञानामुळें. त्यागाची सक्ति आणि त्यागाची बंदी, दोहोंचें मूळ एकच आहे : जिच्या पोटांत हें सर्व घडत आहे तिला सोडून इतर सर्वांनीं बैठक भरविलेली असते.

ती बैठक न्यायासनासमोर भरली तर काय होतें, तेंहि जगानें पाहिलें आहे. १९८७ च्या जून महिन्यांत अमेरिकेच्या राजधानींतील एका रुग्णालयांत, कर्करोगानें मरणासन्न झालेली सत्तावीस वर्षांची एक स्त्री होती. गर्भ सव्वीस आठवड्यांचा होता. तिचा कर्करोग जननेंद्रियांचा नव्हता, परंतु प्रश्न हाच होता. ती औषधांच्या गुंगींत होती. तिच्या पतीचा, आईचा आणि तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा शस्त्रक्रियेस विरोध होता. रुग्णालयानें न्यायाधीशांकडे धांव घेतली, आणि बाळाला वांचविण्यासाठीं सिझेरियन करण्याचा हुकूम झाला. मध्यें शुद्धीवर आली असतां, आपणांस तें नको, असें तिनें सांगितल्याचें नमूद आहे. तरी हुकूम फिरला नाहीं. बाळ सुमारें दोन तास जगलें. आई दोन दिवसांनीं गेली. १९९० सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो हुकूम चुकीचा ठरविला आणि सांगितलें कीं, अशा प्रकरणांत जवळजवळ नेहमीं त्या स्त्रीचीच इच्छा निर्णायक मानली पाहिजे. ती बोलण्याच्या अवस्थेंत नसेल तर तिनें काय इच्छिलें असतें ह्याचा शोध घेतला पाहिजे. निर्णय योग्य झाला, पण तो ऐकण्यास ती नव्हती.

आपल्याकडे न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ सहसा येत नाहीं. आपला निवाडा घरांतच होतो. भारतांत १९७१ च्या कायद्यानें, आणि त्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतरहि, सज्ञान स्त्रीच्या बाबतींत गर्भपातास तिची एकटीचीच संमति लागते. पतीची किंवा सासऱ्याची सही कायदा मागत नाहीं. तिचा जीव तात्काळ वांचविण्यासाठीं गर्भ काढणें आवश्यक असेल, तर आठवड्यांची मर्यादाहि आड येत नाहीं. परंतु कायदा कागदावर असतो आणि रुग्ण खाटेवर. ‘तिला सांगूं नका, ती खचेल’ हें वाक्य आमच्या सुशिक्षित घरांत आजहि ऐकूं येतें. रोगाचें नांव दाराबाहेर बोललें जातें, आणि दाराआंत नुसतें हसून ‘सगळें ठीक आहे’ म्हटलें जातें. जिला रोगाचें नांवच ठाऊक नाहीं तिची संमति कसली? ती केवळ सही होय.

येथें एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो क्षुल्लक नाहीं. आजारी, घाबरलेली, पोटुशी बाई एवढा भार कसा पेलणार? निर्णय तिच्यावर टाकून आपण मोकळे होणें ही दया कीं पळवाट? त्यावर आमचें म्हणणें असें कीं, निर्णय तिचा असणें आणि ती एकटी असणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांनीं आठवड्यांचा हिशोब तिला समजेल अशा भाषेंत मांडावा : आज उपचार केला तर काय, सहा आठवडे थांबलें तर काय, बाळ कितव्या आठवड्यांत कितपत जगेल. पतीनें आपण थोरल्या मुलांचें काय करूं शकतों, हें खरेंखरें सांगावें. आईनें जवळ बसावें. हें सर्व ऐकून एखादी म्हणेल, ‘तुम्हीच ठरवा, माझा तुमच्यावर विश्वास आहे.’ तोहि तिचाच निर्णय होय, आणि त्याचा मान राखला पाहिजे. तिनें आपल्या हातानें दिलेला अधिकार आणि तिच्या नकळत काढून घेतलेला अधिकार ह्यांत महदंतर आहे. आज एक म्हटलें आणि उद्यां मन फिरलें, तर तेंहि तिला करतां आलें पाहिजे.

गर्भाचा कांहींच हक्क नाहीं काय, असेंहि कोणी विचारील. आमच्या मतें आहे. आणि दिवस भरत जातात तसतसा त्याचा आवाज आपल्या कानीं अधिक स्पष्ट येतो. परंतु त्याच्या वतीनें बोलण्याचा पहिला मान कोणाचा? ज्या देहांतून त्याला श्वास मिळतो त्या देहाच्या मालकिणीला डावलून त्याची वकिली इतरांनीं करावी, हें आम्हांस पटत नाहीं. वर सांगितलेल्या वैद्यकीय पाहण्यांचा सारा रोख पाहिला तर आईला नीट जपणें हाच बाळाला जपण्याचा बहुधा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, असेंच दिसतें.

आणि ह्या सर्वांच्या आधीं एक कर्तव्य आहे, जें प्रसंग टाळण्याचें आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा वर्षांनुवर्षें चाहूल देत येणारा रोग आहे. आपल्याच महाराष्ट्रांत, तेव्हांच्या उस्मानाबाद आणि आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत, खेड्यांतील १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेली एक मोठी पाहणी झाली. आयुष्यांत एकदांच केलेल्या एच. पी. व्ही. तपासणीनें ह्या रोगाचे मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले, असें तिच्यावरून २००९ सालीं जगाला कळलें. मुंबईच्या वस्त्यांतून टाटा रुग्णालयाच्या मंडळींनीं, शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविकांकडून केवळ व्हिनेगर लावून तपासणी करविली, आणि त्यानेंहि मृत्यु ३१ टक्क्यांनीं कमी झाले, असें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. ह्या पाहण्या तिशी उलटलेल्या स्त्रियांच्या होत्या हें खरें. पण मुलींना वेळेवर लस देणें आणि स्त्रियांनीं लाज बाजूस ठेवून तपासून घेणें, ह्या दोन गोष्टी घरोघर झाल्या तर ज्या पेंचाविषयीं आम्ही येथें लिहीत आहों तो पुष्कळ घरांत उद्भवणारच नाहीं.

तेव्हां ‘आई कीं मूल?’ हा प्रश्न कोणीं विचारूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. तो शेवटीं विचारावा, इतकेंच. त्याच्या आधीं तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळालेलीं असावींत : तिची तक्रार ऐकून तिला नीट तपासलें काय? ह्या रोगांतील जाणत्या माणसांना विचारून, दोघांनाहि वांचविण्याची वाट आहे किंवा नाहीं, हें पाहिलें काय? आणि तिला सर्व खरें सांगून तिचें मन जाणून घेतलें काय? ह्यांतील एकाचेंहि उत्तर ‘नाहीं’ असेल, तोंवर चवथा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणांपैकीं कोणालाच पोंचत नाहीं. आणि तिन्हींचीं उत्तरें ‘होय’ अशीं आलीं, तरीहि कधीं कधीं एक जीव जाईलच. तेव्हां उरणारें दुःख कोणाच्याच युक्तिवादानें हलकें होणार नाहीं. त्या दुःखांत ‘आपण तिला विचारलेंच नाहीं’ ह्या पश्चात्तापाची भर पडूं न देणें मात्र आपल्या हातीं आहे.